हायड्रॉलिक क्लचमधली हवा काढताना

केबलच्या क्लचमध्ये लिव्हरची ओढ पोलादी तार क्लचपर्यंत नेते. हायड्रॉलिक क्लचमध्ये तेच काम बंद नळीतला द्रव करतो. डाव्या मुठीपाशी मास्टर सिलिंडर आणि त्याची छोटी टाकी, तिथून खाली उतरणारी एक होज आणि इंजिनाच्या कडेला स्लेव्ह सिलिंडर, एवढाच हा संसार. लिव्हर ओढला की मास्टरमधला पिस्टन द्रव पुढे ढकलतो, स्लेव्हचा पिस्टन सरकतो, त्याला टेकलेला पुशरॉड प्रेशर प्लेट उचलतो आणि क्लचच्या प्लेटा सुट्या होतात. या वाटेत कुठेही हवेचा बुडबुडा राहिला तर लिव्हरची काही चाल तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होते आणि क्लच पुरता सुटत नाही.

आपल्याकडे रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारसायकलींना केबलचाच क्लच असतो, त्यामुळे नाक्यावरच्या गॅरेजात या प्रकाराशी गाठ क्वचितच पडते. सुझुकी हायाबुसा, कावासाकी झेडएक्स-१४आर, डुकाटीच्या बऱ्याच गाड्या, हार्ले-डेव्हिडसनच्या २०१४ पासूनच्या अनेक टूरिंग गाड्या ही हायड्रॉलिक क्लचची ओळखीची उदाहरणे. होंडाने १९८४ च्या गोल्डविंगलाही असाच क्लच दिला होता, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. डिस्क ब्रेकमधली हवा ज्याला काढता येते त्याला हे कामही जमते. मात्र ब्रेकवरची सवय जशीच्या तशी इथे आणली तर दोन-तीन जागी फसगत होते.

पहिली फसगत लिव्हरच्या हाताला लागण्याची. ब्रेकमध्ये पॅड डिस्कवर टेकले की लिव्हर दगडासारखा घट्ट व्हायला हवा. तो मऊ लागला की हवा आहे हे कळते. क्लचच्या लिव्हरला असा शेवट नसतो. त्याला मिळणारा विरोध प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांचा असतो आणि तो थोडी हवा असली तरी जाणवत राहतो. म्हणून इथे लिव्हर किती घट्ट आहे याला फारसे महत्त्व नाही. विरोध चालीच्या कोणत्या टप्प्यावर सुरू होतो आणि लिव्हर मुठीला टेकेपर्यंत प्लेट किती उचलली जाते, हे पाहायचे असते.

हिशेब करून पाहिला तर हवेची किंमत लगेच कळते. मास्टरच्या पिस्टनचा व्यास १४ मि.मी. आणि त्याची उपयोगी चाल १० मि.मी. धरली, तर एका ओढीत सुमारे १.५ मिलिलीटर द्रव सरकतो. स्लेव्हचा व्यास ३५ मि.मी. असेल तर त्याचा पिस्टन त्यातून जेमतेम १.६ मि.मी. पुढे जातो. क्लच सुटतो तो एवढ्याशा उचलीवर. लिव्हर ओढल्यावर नळीतला दाब सहज २० बारच्या आसपास जातो आणि त्या दाबाखाली ०.३ मिलिलीटरचा बुडबुडा आक्रसून जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे दीड मिलिलीटरपैकी पाचवा भाग वाया, आणि उचल १.३ मि.मी.वर. गाडी चालते, पण गिअर अडतात. मोठ्या व्यासाचा स्लेव्ह बसवून लिव्हर हलका केलेल्या गाड्यांत उचल मुळातच कमी झालेली असते, त्यामुळे तिथे एवढीशी हवाही खपत नाही.

लक्षणे बहुधा सिग्नलवर दिसतात. न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना मोठा खटका बसतो, क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. इंजिन तापले की त्रास वाढतो आणि लिव्हर लागोपाठ दोन-तीनदा ओढला की तेवढ्यापुरता कमी होतो. हे शेवटचे लक्षण हवेकडे बोट दाखवते. याउलट, लिव्हर ओढून धरला असताना क्लच हळूहळू पुन्हा पकडू लागला आणि बाहेर कुठेही ओल दिसत नसेल, तर मास्टरचे सील आतल्या आत द्रव मागे सोडत असण्याची शक्यता अधिक. टाकीतली पातळी उतरत असेल आणि स्लेव्हच्या खाली ओल असेल तर गळती आहे. या दोन्हींवर हवा काढणे हा उपाय नव्हे. आधी सील बदलावे लागते. लिव्हर पूर्वीसारखाच आहे, फक्त थंड इंजिनावर पहिल्या गिअरचा खटका बसतो, एवढेच असेल तर हायड्रॉलिक यंत्रणेत बहुधा काही बिघडलेले नसते. थंड, घट्ट इंजिन ऑइलमुळे प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात.

कामाला हात घालण्याआधी द्रव कोणता हे टाकीच्या झाकणावर वाचावे. बहुतेक गाड्यांत डॉट ४ लिहिलेले असते. हा ग्लायकॉल ईथर गटातला द्रव हवेतला ओलावा शोषतो. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. क्लचची यंत्रणा गरम इंजिनाला चिकटून असते आणि तिच्यात द्रव अगदी थोडा असतो, म्हणून तो ब्रेकच्या द्रवाहून लवकर काळा पडतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फोडून ठेवलेली बाटली पुढच्या वर्षी वापरणे म्हणजे मुरलेले पाणी विकत घेणे. लहान, सीलबंद बाटली आणून उरलेले टाकून द्यावे. डॉट ५.१ हा त्याच गटातला असल्याने डॉट ४ मध्ये मिसळतो. डॉट ५ मात्र सिलिकोनचा असतो आणि दोघांत मिसळत नाही. आकड्यांच्या या सारखेपणाने पुष्कळ गोंधळ केला आहे. मागुराच्या अनेक क्लच यंत्रणांत खनिज तेल असते. तिथे डॉट ४ घातले किंवा डॉट ४ च्या यंत्रणेत खनिज तेल घातले, तर रबरी सील फुगतात किंवा खराब होतात, आणि मग होजसकट सगळे रबर बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गॅरेजात या द्रवाला सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात, पण त्या नावाखाली कुठलेही ऑइल चालत नाही.

साहित्य फार लागत नाही. स्लेव्हवरच्या हवा काढण्याच्या निपलच्या मापाचा रिंग पाना (जपानी गाड्यांवर बहुधा ८ मि.मी.), निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक बाटली, पुष्कळ फडकी, रबरी हातमोजे आणि औषधाच्या दुकानात मिळणारी ५० किंवा ६० मिलिलीटरची सिरिंज. जपानी गाड्यांच्या टाकीवरच्या स्क्रूंना साधा फुली स्क्रूड्रायव्हर नीट बसत नाही आणि मऊ डोकी झिजतात. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळवणे परवडते. डॉट ४ रंग खातो. पेट्रोलची टाकी, फेअरिंग आणि पुढचे मडगार्ड जाड कापडाने झाकावे, शेजारी पाण्याची बाटली ठेवावी आणि थेंब पडला की पुसण्याआधी पाण्याने धुवावा. नुसते पुसल्याने तो पसरतो.

हँडल असे वळवावे की मास्टरची टाकी सपाट राहील. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. पॅडॉक स्टँड असेल तर उत्तम. झाकण काढण्याआधी भोवतालची धूळ पुसावी, मग झाकण आणि त्याखालचा रबरी पडदा उचलावा. इथे ब्रेकच्या सवयीची दुसरी फसगत असते. ब्रेकचे पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी उतरते. क्लचमध्ये उलट होते: प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉड स्लेव्हच्या पिस्टनला मागे रेटतो आणि द्रव वर टाकीत येतो. म्हणून क्लचची टाकी काठोकाठ भरू नये. प्लेटा निम्म्या झिजलेल्या गाडीत पातळी थोडी वर असणे स्वाभाविक आहे, आणि भरपूर प्लेट असलेल्या गाडीत पातळी सारखी उतरत असेल तर गळती शोधावी.

आता हवा कुठे बसते हे पाहावे, कारण कामाची दिशा त्यावर ठरते. बुडबुडा वर जाऊ पाहतो आणि या यंत्रणेत सगळ्यात उंच जागा मास्टरची. तिथे होज ज्या पोकळ बोल्टने जोडलेली असते, त्या बँजो बोल्टच्या आत आणि मास्टरच्या तोंडाशी हवा दबा धरून बसते. दुसरी जागा स्लेव्हच्या वरच्या कोपऱ्यात, निपलच्या आसपास. तिसरी जागा खुद्द होज. तिचा आतला व्यास तीनएक मि.मी. असतो आणि एवढ्या बारीक नळीत बुडबुडा द्रवाच्या पृष्ठताणामुळे नळीभर पसरून अडकतो. तो आपणहून वर येत नाही. कागदावर पाहिले तर एका ओढीत सरकणारा दीड मिलिलीटर द्रव अशा होजमध्ये सुमारे २१ सें.मी. पुढे जातो, म्हणजे मीटरभर होज पाच-सहा ओढीत धुऊन निघायला हवी. स्लेव्हमध्ये मात्र द्रव रुंद पोकळीत शिरतो, त्याचा वेग शंभरपट मंदावतो आणि कोपऱ्यातली हवा तिथेच राहते. खालच्या निपलवर तासभर घाम गाळूनही लिव्हर सुधारत नाही तेव्हा बहुतेक वेळा हवा मास्टरच्या तोंडाशीच असते आणि काढणारा मात्र खाली शोधत असतो.

म्हणून पहिले काम वरचे करावे, आणि त्यासाठी पाना लागतच नाही. टाकीच्या तळाशी दोन छिद्रे असतात. त्यातले बारीक छिद्र पिस्टन पूर्ण मागे आल्यावरच उघडे असते. लिव्हर पूर्ण न ओढता सुरुवातीचे ३-४ मि.मी. अगदी हळू दाबायचा आणि सोडायचा. प्रत्येक वेळी त्या छिद्रातून बारीक बुडबुडे टाकीत येताना दिसतात. होजवर आणि बँजोवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत राहिले तर चिकटलेले बुडबुडे सुटतात. दहा-पंधरा मिनिटे हे चालले तरी कंटाळू नये. नवीन मास्टर बसवला असेल तेव्हा निम्मी हवा इथूनच जाते. लिव्हर सोडताना द्रवाची चिळकांडी उडते, त्यामुळे झाकण नुसते वर ठेवलेले बरे.

मग खालचे निपल. पारदर्शक नळी निपलवर चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या द्रवात बुडवावे. एकाने लिव्हर दोन-तीनदा हळू ओढून शेवटी मुठीपाशी दाबून धरायचा. दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचे. स्प्रिंगांच्या जोराने स्लेव्हचा पिस्टन मागे येतो आणि द्रव हवेसकट नळीत उसळतो. हा जोर पहिल्या क्षणाचाच असतो, म्हणून निपल चटकन उघडणे आणि लगेच बंद करणे महत्त्वाचे. निपल बंद झाल्याशिवाय लिव्हर सोडायचा नाही, हा या कामातला एकमेव कडक नियम. तो मोडला की काढलेली हवा उलट्या वाटेने आत शिरते. दोघांनी “दाबला”, “बंद” असे मोठ्याने बोलत काम केले तर चूक टळते. टाकी लहान असते. चार-पाच ओढींनंतर पातळी पाहून द्रव घालावा. छिद्र उघडे पडले तर सगळे पहिल्यापासून. नळीत येणारा द्रव स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत हे चालू ठेवावे.

काही गाड्यांच्या मास्टरवरही निपल असते. ब्रेम्बोच्या अनेक रेडियल मास्टर सिलिंडरवर ते दिसते. तिथे आधी वरचे, मग खालचे आणि शेवटी पुन्हा वरचे अशा क्रमाने तीच कृती करावी. वर निपल नसेल आणि संशय बँजोवर असेल, तर बोल्टभोवती जाड फडके गुंडाळून, लिव्हर दाबून धरून, बोल्ट किंचित सैल करावा. एक-दोन उसासे टाकून हवा बाहेर पडते, लगेच बोल्ट आवळावा. ही युक्ती चांगली, पण फडके काढल्यावर मास्टर, लिव्हर आणि खालची फेअरिंग पाण्याने धुतल्याशिवाय पुढे जाऊ नये. बँजोचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर एकदाच दबतात. बोल्ट पूर्ण काढला असेल तर दोन्ही वॉशर नवे घालावे. जपानी गाड्यांत हा बोल्ट सर्वसाधारणपणे २३ ते २५ न्यूटन-मीटरला आवळतात. निपलला फार जोर लागत नाही, सात-आठ न्यूटन-मीटर पुरतात. पान्यावर अंग टाकले की निपल तुटते आणि स्लेव्ह बदलावा लागतो.

नवीन होज किंवा नवा स्लेव्ह बसवला असेल, सगळी यंत्रणा कोरडी असेल, तर वरून खाली ढकलण्यापेक्षा खालून वर भरणे कितीतरी सोपे. हवेला जिकडे जायचे असते तिकडेच तिला नेण्याची ही रीत. टाकीतला द्रव सिरिंजने काढून ती निम्मी रिकामी करावी, म्हणजे वर येणाऱ्या द्रवाला जागा होते. दुसऱ्या स्वच्छ सिरिंजमध्ये नवा द्रव भरून, नळीत एकही बुडबुडा न ठेवता ती निपलवर चढवावी, निपल उघडावे आणि हळूहळू दाब द्यावा. लिव्हर पूर्ण सुटा असला पाहिजे, नाहीतर वरचे बारीक छिद्र बंद राहते आणि द्रव कुठेच जात नाही. टाकीत आधी हवेचा गुडगुडाट येतो, मग निव्वळ द्रव. सिरिंज संपण्याआधी थांबून निपल बंद करावे. वैद्यकीय सिरिंजचे रबर डॉट ४ मध्ये फुगते, तेव्हा ती पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये. एक गोष्ट आधी पाहावी: यंत्रणेतला जुना द्रव काळाकुट्ट असेल तर सरळ उलटे भरू नये. स्लेव्हच्या तळाशी साचलेला गाळ वर जाऊन मास्टरच्या त्या बारीक छिद्रात अडकू शकतो. आधी वरून खाली ताजा द्रव घालून यंत्रणा धुवावी, मग सिरिंज लावावी.

हातपंपाने निपलमधून द्रव ओढून घेण्याची पद्धतही वापरात आहे. एकट्याने काम करणाऱ्याला ती सोयीची. तिचा एक खोडसाळपणा असा की निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा नळीत येते, आणि यंत्रणा स्वच्छ झाली तरी बुडबुडे थांबत नाहीत. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळली तर हा त्रास कमी होतो, पण टेपचा तुकडा निपलच्या टोकाशी जाऊ देऊ नये. एकदिशा झडप असलेली निपलेही मिळतात. काम त्यांनी सोपे होते, मात्र नळीतल्या बुडबुड्यांवरचे लक्ष कमी होते.

एवढे सगळे करून लिव्हर थोडासा कच्चा वाटत राहिला तर तो मुठीला बांधून रात्रभर ठेवतात. दाबाखाली बुडबुडे आक्रसून नळीच्या भिंतीपासून सुटतात आणि वर सरकतात. सकाळी लिव्हर सोडल्यावर ते टाकीत निघून जातात. हा उपाय उरलेल्या चिमूटभर हवेसाठी आहे. निम्म्या चालीपर्यंत विरोधच नसलेल्या लिव्हरला रात्रभर बांधून काही होत नाही.

काम झाले की टाकीतली पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवावी, रबरी पडदा कोरडा पुसून सरळ बसवावा आणि झाकणाचे स्क्रू हलक्या हाताने आवळावे. चाचणी मागचे चाक उचलून घ्यावी: इंजिन बंद, पहिला गिअर, लिव्हर दाबलेला, चाक हाताने फिरले पाहिजे. मग इंजिन थोडे तापवून, लिव्हर दाबून पहिला गिअर घालावा. ओल्या क्लचमध्ये ऑइलच्या ओढीने चाक सावकाश फिरते आणि मागचा ब्रेक हलकेच लावला की थांबते. ब्रेक लावूनही ते जोर करत राहिले तर क्लच अजून सुटत नाही. त्यानंतर मोकळ्या जागेत हळू चालवून गिअर बदलून पाहावे, आणि उंच गिअरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर इंजिनाचे फेरे वाढून गाडी मागे राहत नाही ना, हेही तपासावे. क्लच घसरत असेल तर बारीक छिद्र बंद पडले आहे, टाकी जास्त भरली आहे किंवा बाजारातला नवा लिव्हर पिस्टनला किंचित दाबून ठेवतो आहे. या तिन्हींत यंत्रणेत दाब अडकतो आणि प्लेटा पूर्ण बसत नाहीत.

काही आठवड्यांत हवा परत आली तर निपलशी पुन्हा झटापट करण्याऐवजी स्लेव्ह उघडून पाहावा. हायाबुसाचा स्लेव्ह पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये असतो. तिथे चेनचे वंगण आणि रस्त्यावरची धूळ मिळून घट्ट काळा गाळ साचतो, तो पिस्टनवर चढतो आणि सीलला चरे पाडतो. लिव्हर सोडताना अशा सीलमधून हवा आत ओढली जाते, द्रव मात्र बराच काळ बाहेर दिसतही नाही. स्लेव्ह इंजिनापासून सुटा केल्यावर लिव्हरला हात लावू नये. पुशरॉडचा आधार गेलेला असतो, आतली स्प्रिंगही पिस्टनला बाहेर रेटत असते, आणि एका ओढीत तो बाहेर पडतो. लिव्हर मुठीपासून दूर राहील असा काहीतरी अडसर घालावा आणि पिस्टन केबल टायने बांधून ठेवावा. पिस्टन बाहेर काढायचाच असेल तर बोअरवर नख फिरवून पाहावे. चरा लागला तर नवे सील घालून उपयोग नाही, सिलिंडरच बदलावा. बोअर गुळगुळीत असेल तर सील किट पुरते, आणि सील बसवताना ते यंत्रणेतल्याच द्रवाने ओले करावे, ग्रीसने नव्हे. सुझुकीच्या देखभाल-तक्त्यात क्लचचा द्रव दर २ वर्षांनी आणि होज दर ४ वर्षांनी बदलायला सांगितली आहे. स्लेव्ह उघडला असेल आणि होज तेवढी जुनी झाली असेल, तर दोन्ही कामे एकाच वेळी उरकली की हवा एकदाच काढावी लागते.